चाक लवकर येतं, वाळवण यायला नागपूरचे तिन्ही ऋतू लागतात

प्रश्न नागपूरच्याच एका तरुणाचा आहे. बी.कॉम. झालंय, हिशेबाची नोकरी आहे, शनिवार-रविवारच्या कुंभारकामाच्या वर्गात चाकावर बसून झालंय, आणि आता नोकरी सोडून चहाचे मग, वाट्या, ताटल्या असा स्टोनवेअरचा, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या, पाणी न झिरपणाऱ्या भांड्यांचा माल पूर्णवेळ काढायचा विचार आहे. विचारलंय ते तीन गोष्टींबद्दल: यावर घर चालतं का, नागपूरच्या हवेत हे काम जमतं का, आणि आधी चाक घ्यावं की भट्टी.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. अजून काहीच घेऊ नका. हौसेनं चाकावर बसणं वेगळं आणि माल काढणं वेगळं. वर्गात तुम्ही गोळा घेतला, भांडं चढवलं, तिथेच फळीवर ठेवून घरी गेलात. पुढच्या आठवड्यात ते भाजून, चकचकीत होऊन हातात आलं. मधल्या आठवड्यात त्याचं जे काही झालं तोच खरा धंदा आहे, आणि तो तुम्हाला कोणी दाखवलेला नाही.

तुम्ही हिशेबातले आहात म्हणून मिनिटांतच मांडते. आमच्या कारखान्यात एका मगावर हाताचा वेळ साधारण असा जातो. माती मळून, तोलून गोळा करायला २ मिनिटं, चाकावर ४, बूड तासायला ३, कान ओढून चिकटवायला ५, ओल्या स्पंजनं पुसायला १, ग्लेझमध्ये (भट्टीत वितळून काचेसारखा थर होणाऱ्या घोळात) बुडवून बूड साफ करायला ३, भट्टीत रचायला आणि काढायला २, भाजल्यावर बूड घासायला १, निवडून बांधायला ३. झाली २४ मिनिटं. त्यात चाक ४ मिनिटांचं, म्हणजे सहावा हिस्सा. ज्या कामाच्या प्रेमात पडून तुम्ही नोकरी सोडणार, ते दिवसातून दीड तास करायला मिळेल. उरलेला वेळ कान, बूड, स्पंज, खोके आणि फरशी पुसणं. हे वाचूनही हात शिवशिवत असतील तर पुढे वाचा.

चाकाबद्दल थोडंच सांगते, कारण ते येतं. रोज बसलं की काही महिन्यांत हाताला बसतं. मालासाठी बसताना फरक एवढाच की भांडं सुंदर येण्यापेक्षा मागच्यासारखं यायला हवं. त्यासाठी प्रत्येक गोळा तोलायचा, ४०० ग्रॅम म्हणजे ४००च. चाकाशेजारी उंची आणि तोंड दाखवणारी काडी रोवायची आणि काठ तिला टेकला की थांबायचं. आटण्याचं गणित मात्र पहिल्याच आठवड्यात पक्कं करा. बहुतेक स्टोनवेअर माती ओल्यापासून पक्क्यापर्यंत १२ टक्क्यांच्या आसपास आटते. तोंड ८८ मिलिमीटर हवं असेल तर ओलं १०० काढायचं, इथवर सगळ्यांना कळतं. पण आटणं लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडे होतं, त्यामुळे पोटातली जागा जवळजवळ एक तृतीयांशानं कमी होते. कॅफेवाल्यानं २५० मिलीचा मग मागितला, तर ओल्या मगात सुमारे ३६७ मिली मावायला हवं. नवीन माणूस २८० मिलीचा काढतो आणि भट्टीतून १९० मिलीचा निघतो. ऑर्डर परत.

आता वाळवण. नागपुरात या धंद्याची सगळी गोम इथे आहे.

भांडं चाकावरून उतरतं तेव्हा त्यात साधारण पाचवा हिस्सा पाणी असतं. ते जाताना माती आटते, आणि जिथून आधी जातं तिथे आधी आटते. काठ पातळ, उघडा, वाऱ्यावर. बूड जाड आणि फळीला चिकटलेलं. मे महिन्यात पारा ४५ वर, हवेत ओल नावाला नाही. सकाळी दहाला काढलेल्या मगाचा काठ तासाभरात पांढरट पडायला लागतो आणि बूड अजून ओलं असतं. काठ आटून घट्ट बसला, त्यानंतर बूड आटायला निघालं की ताण बुडाच्या मधोमध येतो आणि तिथे इंग्रजी एस अक्षरासारखी वळणाची चीर पडते. ती बरेचदा त्या वेळी दिसतच नाही, पहिल्या भाजणीनंतर दिसते. पाणी बुडाशी साचू दिलं किंवा बूड बोटानं, फळीच्या तुकड्यानं नीट दाबून घेतलं नाही, तरी हीच चीर येते. म्हणून चाकावर असतानाच बूड मधून बाहेर आणि बाहेरून मध्ये दाबायचं, आतलं पाणी स्पंजनं टिपायचं, आणि काठ उचलण्याइतका घट्ट झाला की भांडं पालथं घालायचं.

दुसरा शत्रू कूलर. नागपुरात उन्हाळ्यात कूलरशिवाय कोणी काम करू शकत नाही, आणि कूलरचा झोत एका बाजूनं येतो. फळीवरचे मग त्या बाजूनं आधी सुकतात, आधी आटतात आणि तिकडे वाकतात. एका रांगेतले सगळे मग एकाच दिशेला झुकलेले दिसले तर चाकाला दोष देऊ नका, कूलर कुठे लावलाय ते बघा. आमच्याकडे कूलर माणसांच्या पाठीवर येतो आणि फळ्या भिंतीआड असतात. फळीवर आधी वर्तमानपत्र, वरून पातळ प्लास्टिक. नुसतं प्लास्टिक टाकलं तर आतून पाणी धरतं आणि थेंब काठावर पडून खळगा होतो. शिवाय बंद पडलेले जुने फ्रीज भंगारातून घ्या. तळाशी प्लास्टर ऑफ पॅरिसची ओली लादी ठेवली की ओल धरणारं कपाट तयार. कान लावायचे मग त्यात दोन-चार दिवस तस्सेच राहतात.

कानाचं सांगायचं तर तो लावताना मग आणि कान दोघांची ओल सारखी हवी. ओला कान सुकत आलेल्या मगाला चिकटवला की तो जास्त आटतो आणि वरच्या जोडाशी केसाएवढी फट पडते. गिऱ्हाइकाच्या हातात गरम चहासकट कान निसटणं ही या धंद्यातली सगळ्यात वाईट घटना. म्हणून दोन्हीकडे ओरखडे, मधे त्याच मातीचा घोळ, घट्ट दाबून जोड, आणि मग एक रात्र पूर्ण झाकून. त्या रात्रीत कानातली आणि मगातली ओल एक होते. उन्हाळ्यात कानावर वेगळी प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची, कारण तो चहूकडून उघडा असतो.

पावसाळ्यात सगळं उलटं. जुलै-ऑगस्टमध्ये फळ्या भरल्या तरी माल सुकतच नाही. वरून पांढरा दिसतो, आत जाड भागात ओल असते. असा मग भट्टीत गेला की १०० अंशांपुढे आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही, आणि बूड फुटतं. एक फुटला की त्याचे तुकडे शेजारच्या दहा मगांत. ओल ओळखायला जुनी रीत आहे, भांडं गालाला लावायचं. गार लागलं तर पाणी अजून निघतंय. त्याहून भरवशाची रीत म्हणजे प्रत्येक लॉटमधला सगळ्यात जाड मग रोज सकाळी तोलायचा. दोन दिवस वजन हललं नाही की लॉट वाळला. तरीही पावसाळ्यात आम्ही भट्टी ९० अंशांच्या आसपास रात्रभर धरतो, झाकण बोटभर उघडं ठेवून.

दिवाळीचा माल ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुकानात लागतो. म्हणजे तो ऑगस्ट-सप्टेंबरात काढायचा, वाळवणाला सगळ्यात वाईट अशा दिवसांत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सोन्यासारखी, माती ऐकते, भांडी बिनतक्रार सुकतात, आणि ऑर्डरी कमी. त्यामुळे बारमाही चालणारा माल हिवाळ्यातच काढून, पहिली भाजणी करून, बिस्किट अवस्थेत मांडणीवर रचून ठेवायचा. बिस्किट कितीही दिवस राहतं, धूळ झटकली की झालं. पावसाळ्यात फक्त ग्लेझ आणि दुसरी भाजणी. हे एवढं वेळापत्रक ज्यानं पाळलं त्याला नागपूरची हवा आडवी येत नाही.

मातीची आठवण हीसुद्धा वाळवणातलीच गोष्ट. ओला मग काठाला धरून उचललात, तो लांबट झाला, तुम्ही बोटांनी परत गोल केलात. सुकेपर्यंत गोल, बिस्किट गोल, आणि १२०० अंशांवरून बाहेर आला की परत लांबट. मातीचे कण चपट्या पापुद्र्यांचे असतात, एकदा सरकले की त्या ताणाची खूण राहते. ओलं भांडं बुडाखालच्या फळीसकट उचलायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून.

आता माती कुठली. आपल्याकडची काळी कपाशीची माती या कामाला थेट चालत नाही. ती पाणी पिऊन फुगते आणि सुकताना तितकीच आटते, शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा तुम्ही पाहिल्याच आहेत. त्यात चुनखडीचे कंकर असतात. ते भट्टीत भाजून कळीचा चुना होतात, पुढे हवेतली ओल पिऊन फुगतात, आणि चांगल्या भांड्याच्या पोटातून एक दिवस पापुद्रा उडतो, मधे पांढरा ठिपका. आपले कुंभार तळ्या-ओढ्याची माती चाळून, राख किंवा लीद मिसळून हे सांभाळतात, आणि माठ ८०० अंशांच्या आसपास भाजतात, कारण माठाला झिरपायचंच असतं. पाणी झिरपतं, बाहेर उडतं, म्हणून आतलं गार होतं. तुमच्या मगाला झिरपून चालणार नाही. दोघांचं काम मातीच्या गोळ्यापासूनच निघतं, पण मोजमाप उलटं.

म्हणून स्टोनवेअरला माती बांधावी लागते. आम्ही १२२० अंशांसाठी जी बांधतो तिचा ढोबळ हिशेब असा: बॉल क्ले ३० भाग, चायना क्ले २५, फेल्डस्पार २५, क्वार्ट्झ २०. बॉल क्लेनं लवचीकपणा येतो, चायना क्ले पांढरेपणा देते, फेल्डस्पार वितळून सगळ्यांना बांधतो आणि क्वार्ट्झ सांगाडा धरतो. बॉल क्ले बिकानेरकडून, फेल्डस्पारही राजस्थानातून येतो. पण पहिल्या वर्षी हे करू नका, तयार माती विकत घ्या. तुम्ही करायची ती चाचणी. भाजलेला, ग्लेझ न लावलेला तुकडा कोरडा तोला, पाच तास उकळा, त्याच पाण्यात दिवसभर राहू द्या, पुसून परत तोला. २५० ग्रॅमचा २५५ झाला तर २ टक्के पाणी प्यायला, ठीक आहे. २६५ झाला तर ६ टक्के, तो मग टेबलावर ओला गोल उमटवणार आणि मायक्रोवेव्हमध्ये कान चटका देणार.

काळी माती मात्र फेकू नका. तिच्यात लोह आणि चुना दोन्ही आहेत, त्यामुळे स्टोनवेअरच्या तापमानाला ती वितळायला लागते आणि तपकिरी-काळसर ग्लेझ देते. नुसती लावली तर सुकताना आटून सोलते आणि ग्लेझ गोळा होऊन मधे उघडी जागा राहते. उपाय असा की अर्धी माती आधी बिस्किटाच्या भट्टीत भाजून घ्यायची, भाजलेली माती पुन्हा आटत नाही, आणि मग कच्च्या अर्ध्या मातीत मिसळून दळायची. लागेल तसा फेल्डस्पार घाला. चाचणीची टाइल उभी ठेवा आणि खाली मातीची ताटली, नाहीतर ओघळून शेल्फला चिकटेल. हिंगण्याची, कळमेश्वरची, उमरेडची माती वेगवेगळा रंग देते. उत्तर प्रदेशातल्या खुर्ज्याचा, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांच्या गावचा, घाऊक माल तुमच्यापेक्षा नेहमी स्वस्त असणार. हा रंग त्यांच्याकडे नाही.

पाण्याबद्दलही थोडं. साच्यात घोळ ओतून माल काढणार असाल तर बोअरचं पाणी वापरू नका. जड पाण्यातलं कॅल्शियम घोळ घट्ट करतं, मग माणसं घोळ पातळ ठेवणारं सोडियम सिलिकेट वाढवत जातात आणि घोळ आणखी बिघडतो. नळाचं पाणी घ्या, घोळाचं वजन लिटरला १७५० ते १८०० ग्रॅम यायला हवं, ते रोज तोला. आणि प्लास्टरचे साचे मे महिन्यात पत्र्यावर वाळत घालू नका. ५० अंशांच्या वर प्लास्टर स्वतःचंच पाणी सोडायला लागतं आणि भुगा होतो. आपल्याकडे तापलेला पत्रा त्याच्या वर सहज जातो. सावलीत, वाऱ्यावर.

भट्टीचं आता. शहरात असाल तर विजेची. गॅसच्या भट्टीत रंग सुंदर येतात, पण १९ किलोच्या सिलिंडरमधून जोरात गॅस ओढला की सिलिंडर गारठतो, हिवाळ्याच्या रात्री दाब पडतो, आणि ऐन ११०० अंशांवर ज्योत मंदावते. चार सिलिंडर एका नळीवर जोडावे लागतात. ती भानगड पुढे कधीतरी. विजेच्या भट्टीसाठी आधी मीटर बघा. ४५ बाय ४५ सेंटिमीटरचं शेल्फ आणि ७५ सेंटिमीटर उंची असलेली भट्टी १२ किलोवॉटच्या आसपास घेते. थ्री फेज हवं, आणि मंजूर भार वाढवून घ्यायला महावितरणकडे अर्ज आधी करा. भट्टी दारात आणि वीज नाही, असे लोक मी पाहिलेत.

अशा भट्टीत ग्लेझ लावलेले साधारण ९० मग मावतात, कारण एकमेकांना लागले तर चिकटतात. बिस्किटात एकावर एक रचता येतात म्हणून १३० जातात. बिस्किटाला ५० युनिट, ग्लेझला ८५ धरा. मगामागे दोन्ही मिळून १.३ युनिटच्या आसपास. दर १० रुपये धरला तर तेरा-चौदा रुपये वीज. लोकांना वाटतं वीज खाऊन टाकते. खाऊन टाकतं ते फुटकं आणि वाकडं. मजुरी, माती, ग्लेझ, वीज, खोकं धरून मग तुम्हाला १५० रुपयांना पडतो असं समजा. शंभरात ८० चांगले निघाले तर विकण्याजोगा मग १८७ रुपयांना पडला. ९२ निघाले तर १६३ ला. ही २४ रुपयांची तफावत चाकावर कमवता येत नाही. ती फक्त वाळवणात आणि भट्टीत आहे. नवीन माणसाचे पहिल्या वर्षी शंभरात ७०-७५ निघाले तरी मी चांगलं म्हणेन.

भट्टी कशी चालवायची हे लिहून शिकवता येत नाही, पण काही जागा अडून बसतात त्या सांगते. बिस्किटात ६०० अंशांपर्यंत तासाला १०० पेक्षा जास्त चढवू नका. ४५० ते ६०० च्या दरम्यान मातीच्या रेणूंत बांधलेलं पाणी निघतं, आणि ५७३ ला क्वार्ट्झ एकदम प्रसरण पावतो. उतरताना त्याच ५७३ ला तो तितकाच आक्रसतो, म्हणून थंड होतानाही तिथे घाई नको. ९८० ला पोचल्यावर वीस-पंचवीस मिनिटं धरा, मातीतला कार्बन जळून जाऊ द्या. तो राहिला तर ग्लेझच्या भाजणीत वायू होऊन बाहेर पडतो आणि ग्लेझवर सुईच्या टोकासारखी भोकं उरतात. लोक ग्लेझ बदलत बसतात, रोग बिस्किटात असतो.

ग्लेझच्या भट्टीत कंट्रोलरच्या, म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या यंत्राच्या, आकड्यावर भरवसा ठेवू नका, कोन ठेवा. कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे छोटे सुळके, आणि त्यांचा नंबर ती उष्णता सांगतो. जर्मन रसायनतज्ज्ञ हेर्मान सेगर यांनी १८८६ मध्ये बर्लिनला आणलेली ही युक्ती अजून कोणत्याही कंट्रोलरनं मागे टाकलेली नाही. थर्मोकपल एका जागेचं तापमान सांगतं, आणि के-टाइपचा असेल तर १२०० च्या वर वापरून वापरून हळूहळू खोटं बोलायला लागतो. कोन किती उष्णता मुरली ते दाखवतो. वर, मधे, खाली तीन ठेवा. कोन ६ खाली वाकलाय आणि वर ताठ उभा, तर वरचे मग कच्चे आहेत, आकडा काहीही म्हणो.

तडा गेलेला मग कचऱ्यात टाकण्याआधी भिंगातून तड्याच्या कडा बघा. कडा गोलसर, ग्लेझ त्यांच्यावर वितळून बसलेला असेल, तर तडा ग्लेझ वितळण्याच्या आधीचा आहे, म्हणजे वाळवणातला, कानाच्या जोडाचा किंवा चढतानाचा. कडा काचेसारख्या धारदार असतील तर तो थंड होताना गेला, म्हणजे भट्टी लवकर उघडली किंवा ग्लेझ आणि माती एकमेकांना जुळत नाहीत. एवढ्या एका नजरेनं निम्मा तपास होतो. आमच्याकडे नवीन मुलगा आला की त्याला महिनाभर चाक मिळत नाही. फुटका माल निवडून, कडा बघून, तीन टोपल्यांत टाकायचा. मुलं कुरकुरतात, आणि पुढे तीच सगळ्यात कमी नुकसान करतात.

भट्टी १०० अंशांखाली आल्याशिवाय उघडायची नाही. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी नाही.

खाण्यापिण्याच्या भांड्यांना शिशाचं ग्लेझ अजिबात नको, कोणी स्वस्तात देत असेल तरी. आपल्याकडे लोणचं, चिंच, कोकम, लिंबू रोजच्या जेवणात. आम्ल कच्च्या ग्लेझमधून धातू ओढून घेतं. घरी करायची चाचणी अशी: ग्लेझवर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी तिथला रंग किंवा चमक बदलली असेल तर ते ग्लेझ आतून लावायचं नाही. पण नाही बदलली म्हणून शिसं नाही असं होत नाही. त्याला प्रयोगशाळेचा अहवालच लागतो, आणि हॉटेलवाले तो मागायला लागलेत.

धुळीबद्दल कोणी गोड बोलून टाळेल, मी टाळणार नाही. क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसात बसते ती निघत नाही. त्यातून होणारा सिलिकोसिस हा कायद्यानं कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे, आणि तो बरा होत नाही. कोरडा झाडू कारखान्यात आणायचाच नाही. फरशी ओल्या पोछ्यानं. सुकलेली भांडी कोरडी घासायची नाहीत, ओला स्पंज. भुकटी तोलताना नाकावर एन-९५. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. दिसत नाही तीच धूळ घातक, दिसते ती खाली बसते.

शिकायला कुठे जावं? वर्गांनी हौस भागते, हात होत नाहीत. सहा महिने कुठल्यातरी चालत्या कारखान्यात, मिळेल त्या पगारावर, भट्टीच्या माणसाच्या हाताखाली काढा. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला ग्रामोदय संघ आहे, विदर्भात या कामाची जुनी ओळख तीच. बेळगावजवळ खानापूरला खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था आहे. खुर्जा पाहून या, तिथे जिगर-जॉलीवर, म्हणजे साच्यावर भांडी घडवणाऱ्या यंत्रावर, एक माणूस दिवसात किती माल काढतो ते डोळ्यांनी बघितलं की त्यांच्याशी किमतीत भांडायचं मनात येणार नाही. आणि मटके घडवणाऱ्या आपल्या कुंभाराकडे एक आवा, म्हणजे त्यांची भट्टी, लागताना रात्रभर बसा. फक्त धुरावरून आच ओळखणं तिथेच दिसतं. याच भागात, जुनापाणी, माहुरझरीच्या शिळावर्तुळांत आतून काळी आणि बाहेरून लाल अशी भांडी सापडली आहेत. हवा कुठे लागू द्यायची आणि कुठे नाही, हे ती घडवणाऱ्यांना लोहयुगात कळत होतं. आमच्या काही मुलांना कंट्रोलर असून कळत नाही.

सरकारी योजना दोन लक्षात ठेवा. पीएम विश्वकर्मा, सप्टेंबर २०२३ पासूनची, १८ व्यवसायांत कुंभार आहे: अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाख कर्ज. पण ती आधीपासून हातानं काम करणाऱ्यासाठी आहे, बेत करणाऱ्यासाठी नाही. नवीन कारखान्याला पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. तिथे सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के अनुदान आणि ग्रामीण भागात २५ टक्के. म्हणजे जागा शहराबाहेर ग्रामपंचायतीच्या हद्दीत घेतली तर भाडंही कमी आणि अनुदानही जास्त, फक्त तिथे थ्री फेज किती तास असते ते शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, कार्यालयात नको.

घर चालतं का? चालतं. आमच्याकडे कामाला असलेल्यांचीही घरं चालतात. पण एकेक मग विकून चालत नाही, कॅफे आणि हॉटेलांच्या पुनःपुन्हा येणाऱ्या ऑर्डरींवर चालतं. धरमपेठेतल्या कॅफेला आज ६० मग दिलेत, तर चार महिन्यांनी त्यातले १०-१२ फुटतील आणि त्याला तसेच हवे असतील, त्याच रंगाचे, त्याच मापाचे. ते तसेच देता आले तर तो तुम्हाला सोडत नाही. ग्लेझची प्रत्येक बादली, तिचं लिटरचं वजन, मातीचा लॉट, भट्टीतली जागा, कोन किती वाकला, सगळं वहीत. तुमची हिशेबाची सवय इथे चाकापेक्षा जास्त कामाला येईल, हे मी गमतीनं म्हणत नाहीये.

म्हणून नोकरी आत्ता सोडू नका. वर्षभर एक उन्हाळा, एक पावसाळा, एक हिवाळा कोणाच्या तरी भट्टीवर भाड्यानं माल भाजून घ्या. आमच्यासारखे बरेच जण भट्टीतली जागा शेल्फच्या हिशेबानं देतात. एकच मग घ्या, एकच माप, एकच ग्लेझ, आणि तिन्ही ऋतूंत ५०-५० काढा. शंभरात ८५ च्या वर निघायला लागले की भट्टीचा विचार करू. चाक त्याआधी घेतलंत तरी हरकत नाही, जुनं चांगलं मिळतं.

बघायला यायचं असेल तर हिंगणा रोडला या. एप्रिल-मेमध्ये आम्ही पहाटे पाचला सुरू करून अकराला फळ्या झाकतो, त्यामुळे दुपारी कोणी भेटणार नाही. पावसाळ्यात दिवसभर असतो.